पत्र्याचा स्क्रू ही किरकोळ बाब नव्हे

शेतावर गोठा, धान्याची कोठी अथवा अवजारांची शेड बांधावयाची ठरली म्हणजे शेतकरी पत्र्याची जाडी विचारतो, खांबाचा पाईप हातात घेऊन पाहतो, सिमेंटचा भाव चार दुकानांत काढतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु एवढ्या खर्चाने आणलेला पत्रा खाली कशाने धरून ठेवावयाचा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अंदाजपत्रकाच्या अगदी शेवटी ‘खिळे, स्क्रू, वॉशर इत्यादी किरकोळ’ अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर एक ढोबळ रक्कम मांडलेली असते. त्या ओळीत काय येणार, हे शेतकरी ठरवीत नाही आणि आम्ही अधिकारीही ठरवीत नाही. ते कारागीर ज्या दुकानी जाईल तेथील दुकानदार ठरवितो. ही ओळ अंदाजपत्रकातून काढून टाकावी आणि तिच्या जागी स्क्रूचे नीट वर्णन लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम स्वतःची चूक सांगणे इष्ट होईल. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत मराठवाड्यातील एका गावी एका शेतकऱ्याने पत्र्याची कोठी बांधली. तिचे अंदाजपत्रक मी तपासले होते आणि त्यातील ‘किरकोळ’ या ओळीवरून माझी नजर सहज पुढे गेली होती. कोठी दिसावयास चांगली झाली. तिसऱ्या वर्षी त्या शेतकऱ्याने आमच्याच सल्ल्यावरून घरच्या सोयाबीनचे बियाणे राखून ठेवले. बियाणे वाळविलेले होते, पोती लाकडी फळ्यांवर रचलेली होती, थप्पीही उंच नव्हती. सल्ल्यातील एकही गोष्ट त्याने चुकविली नव्हती. मे महिन्यात दोन दिवस वळवाचा पाऊस झाला. जूनच्या आरंभी आम्ही शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवणशक्ती पाहिली, तेव्हा काही पोत्यांचे बियाणे ठीक निघाले, तर काहींचे सत्तरचा आकडा गाठू शकले नाही. खराब पोती एका सरळ रेषेत होती. मान वर करून पाहिले तेव्हा त्याच रेषेत वर स्क्रूंची ओळ होती.

शिडी लावून छपरावर गेलो. स्क्रू गोल माथ्याचे, अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले होते. खाचेत माती व पाणी साचून माथे गंजले होते. त्यांखालील रबराच्या चकत्या उन्हाने कडक होऊन तडकल्या होत्या. स्क्रू काढावयास गेलो, तर खाच झिजून गुळगुळीत झाली व पेचकस नुसताच फिरू लागला. शेवटी माथे छिन्नीने तोडावे लागले. त्या शेतकऱ्याने ऐन पेरणीच्या तोंडावर बाजारातून बियाणे घेतले. तो मला काही बोलला नाही. परंतु पुढील वर्षी त्याने घरचे बियाणे राखले नाही. एका स्क्रूमुळे केवळ बियाणे गेले असे नव्हे, तर एका चांगल्या सल्ल्यावरील विश्वास गेला. तेव्हापासून मी अंदाजपत्रक शेवटच्या ओळीपासून वाचू लागलो.

आता योग्य स्क्रू कोणता, ते पाहू. पोलादी पाईपवर किंवा कोनावर पत्रा बसविण्यासाठी षट्कोनी माथ्याचा, माथ्याला अंगचाच वॉशर असलेला आणि स्वतःचे छिद्र स्वतः पाडणारा स्क्रू घ्यावा. बाजारात यास ‘हेक्स सेल्फ ड्रिलिंग’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानकांत याचे वर्णन आयएसओ १५४८० या क्रमांकाखाली आहे. ‘अंगचा वॉशर’ म्हणजे माथ्याच्या बुडाशी असलेली, माथ्याबरोबर एकाच धातूच्या तुकड्यातून घडविलेली रुंद गोल कड. ती सुटी चकती नव्हे. ती हरवत नाही, वाकडी बसत नाही आणि घाईत घालावयाची विसरतही नाही.

षट्कोनी माथ्याचा पहिला गुण असा, की त्याला सहा बाजूंनी बाहेरून पकड मिळते. खाचेच्या माथ्यात पेचकस वर निसटू पाहतो. कारागीर जोर लावतो आणि खाच झिजते. षट्कोनी माथा मात्र सॉकेटमध्ये पूर्ण बसतो व अंगच्या वॉशरमुळे सॉकेट खाली घसरून पत्र्यास ओरखडा पाडीत नाही. त्या सॉकेटचे माप सामान्यतः ८ मिलिमीटर असते. दुसरा गुण दुरुस्तीच्या वेळी कळतो. दहा वर्षांनी एखादा स्क्रू काढावयाचा झाल्यास वीज नसली, यंत्र नसले, तरी घरातील साधा पाना त्याला पुरतो. माथ्यावर खाच नसल्याने पाणी व माती साचावयास जागा नसते, हा तिसरा गुण.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट माथ्याच्या रुंदीची आहे आणि ती समजण्यासाठी वारा छपराशी काय करतो हे ध्यानात घ्यावयास हवे. वारा छपरास खाली दाबतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो पुष्कळ वेळा पत्रा वर ओढतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा वरच्या बाजूस शोषण निर्माण करतो आणि शेड बाजूंनी उघडी असेल, तर आत शिरलेला वारा त्याच वेळी खालून वर दाबतो. आपले बहुतेक गोठे उघडेच असतात. म्हणजे गोठ्याच्या छपरास दोन्हीकडून वरचाच जोर मिळतो.

हा जोर किती, याचा हिशोब कठीण नाही. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे. दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. भारतीय मानक ८७५, भाग ३ यामध्ये पुणे व नाशिक या ठिकाणांसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई व नागपूरसाठी ४४ मीटर धरला आहे. ३९ मीटर म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. या वेगाने दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो वजनाइतका दाब येतो. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद पत्र्यावर तो पावणेतीनशे किलोंच्या पुढे जातो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या अशा पत्र्याचे स्वतःचे वजन मात्र पंधरा किलोंच्या आतबाहेर असते. तेव्हा ‘पत्रा जड आहे, उडणार नाही’ या म्हणण्यात काही तथ्य नाही. पत्रा आपल्या वजनाने राहत नाही, तो स्क्रूने राहतो.

दोन पर्लिनांत १.२ मीटर अंतर आणि स्क्रू दर ३० सेंटिमीटरवर असतील, तर एका स्क्रूच्या वाट्यास ०.३६ चौरस मीटर पत्रा येतो. म्हणजेच साधारण ३३ किलो ओढ. वळचण, आढे आणि छपराच्या दोन्ही कडा या ठिकाणी शोषण मध्यभागाहून बरेच अधिक असते. तेथे ही ओढ दुप्पटही होऊ शकते. हा जोर सोसताना जोड दोन रीतींनी तुटू शकतो. स्क्रू पाईपमधून उपटून येतो, किंवा स्क्रू जागच्या जागी राहतो आणि पत्रा माथ्याभोवती फाटून वर निघून जातो. पहिली गोष्ट आट्यांवर व पाईपच्या जाडीवर अवलंबून आहे. दुसरी माथ्याच्या रुंदीवर. अरुंद माथ्याभोवती सगळा ताण लहानशा वर्तुळात एकवटतो. अंगचा वॉशर व त्याखालील रबर लावलेली धातूची चकती तोच ताण मोठ्या क्षेत्रावर पसरवितात. आपले पत्रे दिवसेंदिवस पातळ होत चालले असल्याने ही रुंदी आज पूर्वीपेक्षा अधिक मोलाची झाली आहे.

हा धोका एकाच मोठ्या झोताचा असतो असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहरावर २५ डिसेंबर १९७४ रोजी पहाटे ट्रेसी नावाचे चक्रीवादळ आले आणि शहरातील बहुसंख्य घरे निकामी झाली. पुढे अभियंत्यांनी उडालेले पत्रे तपासले, तेव्हा पुष्कळ पत्र्यांना माथ्यांभोवती बारीक तडे गेलेले आढळले. एखादी तार पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे वाकविली की ती तुटते, तद्वत तासन्‌तास येणाऱ्या झोतांनी पत्रा माथ्याभोवती वर-खाली होत राहिला व अखेर तेथेच फाटला. त्या अनुभवानंतर त्या देशात पत्रा व त्याचे जोड वारंवार हेलकावे देऊन तपासण्याची पद्धत आली. आपल्याकडेही ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य छपरे उघडी केली. कोकणाबाहेरील शेतकऱ्यांनी हा विषय आपला नव्हे असे मानू नये. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसापूर्वी येणारी वावटळ एखाद्या गावापुरतीच असते, तिला नाव नसते. परंतु ज्याचा गोठा उघडा पडतो त्याला त्याने काही उणे वाटत नाही.

आता गळतीविषयी. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अंगचा वॉशर हा ताण पसरविण्यासाठी असतो. तो एकटा पाणी अडवू शकत नाही. धातूवर धातू कितीही घट्ट बसला, तरी त्यातून पाणी झिरपते. म्हणून छपरासाठी त्या माथ्याखाली रबराचे बूड असलेली धातूची चकती हवीच. रबरही कोणतेही चालत नाही. साधे रबर आपल्या उन्हात कडक होते व तडकते. ऊन व ओझोन सोसणारे ‘ईपीडीएम’ जातीचे रबर मागावे. ते चकतीला पक्के चिकटविलेले असावे. नखाने कड उचलून पाहावी. रबर सहज सुटून हाती आले, तर ती चकती परत करावी. शेडच्या आतील सांगाड्यात, जेथे पाऊस लागत नाही, तेथे मात्र रबर नसलेला अंगच्या वॉशरचा स्क्रू पुरेसा आहे. नसता खर्च करावा असे माझे म्हणणे नाही.

लांबीची निवड हाही असाच दुर्लक्षित भाग आहे. पन्हळी पत्र्यावर स्क्रू सामान्यतः उंचवट्यावर मारतात, कारण पाणी पन्हळीतून वाहते आणि छिद्र प्रवाहाच्या वर राहते. मात्र पत्रा तयार करणाऱ्याची सूचना निराळी असेल, तर ती पाळावी. उंचवट्यावर मारावयाचा स्क्रू लांब लागतो. उदाहरणार्थ, उंचवटा २८ मिलिमीटर, चकती व रबर मिळून ३ मिलिमीटर आणि पाईपची भिंत २ मिलिमीटर धरल्यास बेरीज ३३ होते. स्क्रूचे छिद्र पाडणारे टोक व त्यामागील किमान तीन आटे पाईपच्या आत गेले पाहिजेत. त्यासाठी आणखी सुमारे १५ मिलिमीटर धरावेत. म्हणजे ५० ते ५५ मिलिमीटरचा स्क्रू घ्यावयास हवा. येथे आखूड स्क्रू वापरला, तर तो वरून बसलेला दिसतो. परंतु पाईपला त्याची पकड नसते. अशा स्क्रूने छप्पर धरलेले नसते, नुसते झाकलेले असते.

जाडीसाठी १२ नंबरचा, म्हणजे ५.५ मिलिमीटरचा स्क्रू बहुतेक शेडना योग्य असतो. वाऱ्याच्या जागी, अथवा जुन्या स्क्रूचे छिद्र मोठे झाले असल्यास १४ नंबरचा, म्हणजे ६.३ मिलिमीटरचा घ्यावा. टोकालाही नंबर असतात. ३ नंबरचे टोक साधारण ५ मिलिमीटरपर्यंतच्या पोलादात छिद्र पाडते. ५ नंबरचे टोक सुमारे १२ मिलिमीटरपर्यंतच्या जाड पोलादासाठी असते. पातळ पाईपसाठी मोठे टोक घेऊ नये. वासे लाकडी असतील, तर पोलादासाठीचा हा स्क्रू घेऊ नये. लाकडासाठी रुंद आट्यांचा निराळा स्क्रू मिळतो. सिमेंटचा पत्रा ठिसूळ असल्याने त्यास आधी छिद्र पाडावे लागते. त्याचा विचार येथे केलेला नाही.

स्क्रूवरील जस्ताच्या लेपाकडेही पाहिले पाहिजे. दुकानात चकाकणारा स्क्रू चांगला वाटतो. परंतु विजेच्या क्रियेने दिलेला तो लेप पुष्कळदा फार पातळ असतो आणि उघड्या छपरावर लवकर संपतो. बाहेरच्या कामासाठी जाड लेपाचा स्क्रू मागावा. समुद्रकाठी खाऱ्या हवेमुळे आणि गोठ्यात व कोंबड्यांच्या शेडमध्ये मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियामुळे धातू अधिक वेगाने झिजतो. तेथे उत्तम लेपाचाच स्क्रू हवा. पत्रा पंचवीस वर्षांचा आणि स्क्रू पाच वर्षांचा, अशी जोडी लावणे म्हणजे चांगल्या बैलाच्या गळ्यात कुजका कासरा बांधणे होय.

चांगला स्क्रूसुद्धा चुकीच्या हातात वाया जातो, हेही सांगितले पाहिजे. तो हातोडीने ठोकून बसवू नये. यंत्र सरळ, पत्र्याशी काटकोनात धरावे. तिरका गेलेला स्क्रू एका बाजूस रबर चेंगरतो व दुसऱ्या बाजूस उघडे ठेवतो. रबर चकतीच्या कडेबाहेर किंचित दिसू लागले की थांबावे. चकती बोटाने फिरत असेल, तर स्क्रू सैल आहे. रबर चिरडून बाहेर आले असेल किंवा उंचवटा खाली दबला असेल, तर तो अतिरिक्त आवळला आहे. दोन्ही गळतात. पर्लिनची रेघ आधी दोरीने आखून घ्यावी, म्हणजे स्क्रू पाईप चुकून नुसत्या पत्र्यात जाणार नाही. गेलाच, तर ते छिद्र तसेच सोडू नये. ते त्याच दिवशी बुजवून घ्यावे. काम संपल्यावर पत्र्यावर पडलेला लोखंडाचा कीस मऊ झाडूने त्याच सायंकाळी झाडावा. तो राहिल्यास पहिल्या दवात गंजतो आणि नव्या पत्र्यावर डाग पाडतो.

या मतावर दोन आक्षेप येतात. पहिला वडीलधाऱ्या शेतकऱ्यांचा. ते म्हणतात, ‘आमच्या जुन्या गोठ्यावर आकड्याचे बोल्ट आहेत, ते अजून धरून आहेत.’ हे खरे आहे आणि असे चांगले बोल्ट काढून टाकण्याचे काही कारण नाही. तो आकडा पर्लिनला खालून कवळतो व जुना पत्राही बहुधा जाड असे. परंतु नवे छप्पर पातळ पत्र्याचे व चौकोनी पाईपचे असते आणि कारागीर त्यावर स्क्रूच वापरणार असतो. तेव्हा निवड आता आकडा की स्क्रू अशी उरलेली नसून, चांगला स्क्रू की वाईट स्क्रू अशी आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सहा मीटर रुंद व नऊ मीटर लांब शेडला, कडांचे जादा स्क्रू धरून, सुमारे सव्वादोनशे स्क्रू लागतात. एका स्क्रूमागे तीन रुपये अधिक पडतात असे धरले, तरी सर्व मिळून ६७५ रुपये होतात. एवढ्या रकमेत आज एखादा पत्राही मिळत नाही. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण या काटकसरीस तंतोतंत लागू पडते. ज्यास खरोखरच बचत करावयाची आहे त्याने शेड दोन फुटांनी लहान करावी. स्क्रू हलका घेऊ नये.

गावपातळीवरील माझ्या सहकाऱ्यांस यास्तव एक विनंती आहे. आपल्यासमोर येणाऱ्या अंदाजपत्रकात ‘किरकोळ’ ही ओळ दिसली, तर ती परत करा आणि तेथे असे लिहून मागा : ‘षट्कोनी माथ्याचा, अंगच्या वॉशरचा, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, १२ नंबर, लांबी इतके मिलिमीटर, ईपीडीएम रबराच्या चकतीसह, बाहेरील वापरासाठी जाड जस्तलेप, नग इतके.’ पाहणीस जाल तेव्हा खाली उभे राहून छायाचित्र घेण्यावर समाधान मानू नका. शिडी मागा. वळचणीची एक ओळ, आढ्याची एक ओळ व दोन्ही कडा पाहा. त्या ठिकाणी प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू आहे का, चकत्या नीट बसल्या आहेत का, हे पाहण्यास दहा मिनिटे पुरतात.

शेतकरी बंधूंना एवढेच सांगावयाचे, की दुकानातून स्क्रू स्वतः आणा, किंवा कारागिराने आणलेला एक नग हातात घेऊन पाहा. माथ्याला कड आहे का, रबर चिवट आहे का, लांबी पुरेशी आहे का, ही पाहणी प्रत्येकास करता येण्यासारखी आहे. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, वळवाची वावटळ येण्यापूर्वी, शिडी लावून छपरावरील सर्व ओळी एकदा तपासा. मात्र चढताना पाय पत्र्याच्या मधोमध न ठेवता पर्लिनच्या रेघेवर, म्हणजे स्क्रूंच्या ओळीवर ठेवा. एखादा माथा गंजला असेल, एखादे रबर तडकले असेल, तर तेवढाच बदला.

त्या कोठीवरील सर्व स्क्रू पुढे बदलले आणि कोठीची गळती थांबली. त्या शेतकऱ्याने घरचे बियाणे पुन्हा राखावयास आणखी दोन हंगाम घेतले. स्क्रू बदलण्यास एक दिवस लागला होता.